काचेच्या मोठ्या मत्स्यटाकीची बैठक : ढाळ आणि पीळ

शोभिवंत माशांचे पालन हा शेतकरी कुटुंबास घरच्या घरी करता येण्याजोगा जोडधंदा आहे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश करण्यात आला आणि 2025 साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषी समकक्ष दर्जा दिला. डासांच्या निर्मूलनासाठी डबक्यांत सोडले जाणारे गप्पी मासे खेड्यांना पूर्वीपासून परिचित आहेतच. आता त्यांच्या जोडीला मोली, गोल्डफिश, एंजल हेही सोप्यात दिसू लागले आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यास याबाबत जे प्रश्न विचारले जातात ते खाद्याचे, रोगाचे किंवा पाणी बदलण्याचे असतात. टाकी कशावर ठेवली आहे आणि ती चारही कोपऱ्यांवर सारखी बसली आहे काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः टाकीत पाण्याचा पहिला थेंब पडण्यापूर्वी हाच प्रश्न सोडविला पाहिजे. कारण माशाचा रोग आठवडाभरात बरा करता येतो, परंतु भरलेली टाकी फुटल्यास जे नुकसान होते ते काही क्षणांत होते.

टाकीचे वजन किती असते याची कल्पना पुष्कळांना नसते. 120 सें.मी. लांब, 45 सें.मी. रुंद व 45 सें.मी. उंच, म्हणजे बाजारात चार फुटी म्हणून मिळणारी टाकी घेतली आणि ती काठापासून 5 सें.मी. खाली राहील इतकी भरली, तर त्यात सुमारे 216 लिटर पाणी मावते. 10 मि.मी. जाडीच्या काचेचे वजन सुमारे 50 किलो होते. तळाशी 5 सें.मी. वाळूखड्याचा थर दिला तर त्याचे 40 किलो धरावेत; त्या थराने जागा व्यापल्यामुळे पाणी थोडे कमी लागते. लोखंडी घोडी व फळी यांचे वजन मिळविल्यास एकूण भार सव्वातीन क्विंटलच्या घरात जातो. म्हणजे घोडीच्या प्रत्येक पायावर, सर्व काही नीट असल्यास, सुमारे 80 किलो भार येतो. सर्व काही नीट नसल्यास तो कोणत्या पायावर किती येईल हे सांगता येत नाही.

घरात लहान मुले असतील तर या गोष्टीचे गांभीर्य अधिक वाढते. अशा टाक्या बहुधा साध्या काचेच्या असतात. ती फुटली म्हणजे तिचे मोठे व धारदार तुकडे होतात. शिवाय टाकीतील हवेचा पंप व दिवा विजेवर चालत असल्याने त्यांचे बटण बहुधा टाकीच्या मागील भिंतीवरच, हाताच्या अंतरावर असते. दोन क्विंटल पाणी, काच आणि वीज ही तिन्ही एका ठिकाणी आणावयाची असतील, तर ती ठेवण्याची जागा अर्ध्या दिवसाचे श्रम घेऊन तयार करणे मुळीच अवास्तव नाही.

ढाळ आणि पीळ यांतील भेद

टाकी समपातळीत नाही असे आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन निरनिराळे दोष मिसळलेले असतात. एक ढाळ व दुसरा पीळ. ढाळ म्हणजे टाकीचा सबंध तळ एका बाजूस कललेला असणे, परंतु तो तळ स्वतः सपाट असणे. पीळ म्हणजे चार कोपरे एकाच सपाटीत नसणे; समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली. चार पायांची बाज अंगणात टाकली असता जी डुगडुगते ती पिळामुळे, ढाळामुळे नव्हे. उतारावर टाकलेली बाज तिरपी दिसेल, पण तिचे चारही पाय टेकले असतील तर ती डुगडुगणार नाही. तिवई मात्र कोठेही ठेवा, डुगडुगत नाही. कारण तीन टोके नेहमी एकाच सपाटीत असतात आणि चौथे टोक आले की तंटा सुरू होतो.

बहुतेक लोक ढाळाला भितात, कारण तो डोळ्यांना दिसतो. पाण्याची रेघ एका बाजूस वर व दुसऱ्या बाजूस खाली दिसू लागली की घरमालक अस्वस्थ होतो. परंतु हिशेब करून पाहिल्यास ढाळाची भीती पुष्कळशी अनाठायी ठरते. पाण्याचा दाब केवळ त्याच्या खोलीवर अवलंबून असतो. 40 सें.मी. खोल पाणी 120 सें.मी. लांबीच्या समोरील काचेस बाहेर ढकलते तो एकूण जोर सुमारे 96 किलोचा असतो. आता टाकी पुढच्या बाजूस कलून पुढील काचेजवळ पाणी 40 ऐवजी 40.5 सें.मी. झाले आणि मागील काचेजवळ 39.5 सें.मी. राहिले, म्हणजे रुंदीत पूर्ण 1 सें.मी.चा ढाळ आला, तरी पुढील काचेवरील जोर 96 वरून 98 किलोपर्यंतच जातो. नीट जोडलेल्या काचेला ही वाढ जड नाही. अर्थात मोठा ढाळ चांगला असे नाही. उंच घोडीवरील टाकी पुढे कलली तर कोणाचा धक्का लागल्यास ती कलंडण्याचा संभव वाढतो, पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या बाजूने पाणी सांडते आणि टाकी सदैव अर्धवट भरल्यासारखी दिसते. पण टाकी फुटण्याचे मुख्य कारण ढाळात शोधू नये.

ते कारण पिळात आहे. लाकडी पेटी किंवा लोखंडी पिंप वेड्यावाकड्या जागी ठेवले तर ते थोडे वाकते व जागेशी जुळवून घेते. काच वाकत नाही. पाच काचा सिलिकोनने जोडून झालेली पेटी इतकी ताठ असते की पीळ असलेल्या घोडीवर ठेवल्यावर ती समोरासमोरच्या दोनच कोपऱ्यांवर टेकते. रिकामी असताना ती किंचित डुगडुगते. तेवढ्याने कोणाचे लक्ष जात नाही. पाणी भरू लागले की वजनाने ती उरलेल्या कोपऱ्यांवर दाबली जाते, डुगडुगणे थांबते आणि पाहणाऱ्यास टाकी ‘बसली’ असे वाटते. वास्तविक त्या क्षणापासून तळाच्या काचेत व उभ्या सांध्यांत ताण साठू लागलेला असतो. तो त्याच दिवशी उघडकीस येईल असे नाही. कित्येकदा काही आठवड्यांनी, पाणी बदलताना किंवा थंडीच्या एखाद्या रात्री, तळाच्या काचेला कोपऱ्यातून तडा जातो अथवा सांधा उकलून पाणी झिरपू लागते. दोष मात्र काचेच्या कारागिरावर येतो.

जमिनीचा स्वभाव

या दोन जिल्ह्यांत पिळाचा प्रश्न इतर ठिकाणांहून अधिक बिकट होण्याचे कारण पायाखाली आहे. महाबळेश्वर, जावळी व पाटण या पश्चिमेकडील भागात पाऊस भरपूर आणि माती तांबडी असून ठिकठिकाणी जांभा लागतो. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत पुष्कळ ठिकाणी थोड्या खोलीवरच मुरूम येतो. या दोन्ही भागांत घराचा पाया तुलनेने स्थिर राहतो. परंतु मधल्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात, कराडपासून वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत, खोल काळी माती आहे. ऊस व हळद यांना ती जितकी मानवते तितकी ती घराच्या जोत्याला मानवत नाही. काळ्या थरातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. तीच माती घराखालीही आहे, एवढेच ध्यानात आणून द्यावयाचे आहे.

ही हालचाल घरभर सारखी झाली असती तर फारसे बिघडले नसते. पण ती सारखी होत नाही. ज्या बाजूस मोरीचे पाणी मुरते किंवा वळचणीचे पाणी पडते ती बाजू फुगते. ज्या बाजूस मोठे झाड आहे तेथे मुळे पाणी ओढून घेतात व जमीन बसते. घराला लागून उसाचा फड असेल आणि त्यास पाटाने पाणी मिळत असेल, तर एका भिंतीखालची माती बारमाही ओली व दुसऱ्या भिंतीखालची कोरडी राहते. ताकारी, टेंभू व म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी पोहोचल्यावर पूर्वी कोरडवाहू असलेल्या पुष्कळ क्षेत्रात असा ओलाव्याचा फरक नव्याने निर्माण झाला. एका कोपऱ्याखाली एक प्रकार व दुसऱ्याखाली दुसरा झाला म्हणजे जे उत्पन्न होते तो पीळच होय.

ऑगस्ट 2019 व जुलै 2021 मधील महापुरांत कृष्णा व वारणा काठच्या गावांतील घरांच्या जोत्यांखाली पाणी मुरले. पाणी ओसरल्यावर घराची जमीन पूर्वीच्याच पातळीत राहिली असेल असे गृहीत धरणे बरोबर नाही. पुरात टाकी बुडाली नसली तरी, पूर ओसरल्यानंतर काही महिने जमीन वाळत असेपर्यंत तिची मोजमापे वरचेवर घ्यावीत.

घराच्या बांधणीचाही येथे संबंध येतो. जुन्या घरांत सोप्याची जमीन दाराकडे व स्वयंपाकघराची मोरीकडे मुद्दाम उतरती ठेवलेली असते. धुतलेले पाणी आपोआप निघून जावे हा त्यातील हेतू. म्हणून ढाळ दिसला तर गवंड्याने चूक केली असे समजू नये. शहाबादी फरशीत एकेक लादी स्वतंत्रपणे बसलेली असते आणि घोडीचे चार पाय चार निराळ्या लाद्यांवर येण्याचा संभव असतो; त्यांपैकी एक लादी खालून पोकळ असली तरी पुरे. फरशीवर काठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज येणाऱ्या लादीवर पाय येऊ देऊ नये. शेणाने सारवलेल्या भुईवर मोठी टाकी थेट ठेवूच नये. माडीवर टाकी ठेवण्याचा विचार असल्यास मात्र अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा. राहत्या घराची स्लॅब सामान्यतः दर चौरस मीटरला 200 किलो चल भार धरून आखलेली असते. उपरोक्त टाकी अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या अधिक जागेवर सव्वातीनशे किलो टेकविते. भार थोड्याच जागेपुरता असल्याने भिंतीलगत तो पुष्कळदा निभावतो, परंतु हा अंदाजाने ठरविण्याचा विषय नव्हे.

पातळी काढण्याची रीत

यासाठी महागडे साधन लागत नाही. गवंड्याची पाणसळ, पाच मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, मीटरपट्टी व थोडा बारीक दोरा इतके साहित्य पुरते. ज्या गावांत समपातळी चर खोदण्याचे काम झाले आहे तेथे हायड्रोमार्कर वापरण्याचा सराव झालेली तरुण मंडळी सापडतील. 2016 साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत साताऱ्याचा कोरेगाव होता. माळावर चराची रेघ आखण्यासाठी जी नळी वापरतात त्याच तत्त्वावर सोप्यातील टाकीची पातळी काढावयाची आहे. फरक एवढाच की येथे सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर मोजावयाचे असतात.

पाणसळ वापरण्यापूर्वी तिचीच परीक्षा घ्यावी. ती एखाद्या सपाट जागी ठेवून बुडबुडा कोठे थांबतो ते पाहावे, नंतर तिची टोके उलटसुलट करून नेमकी त्याच जागी पुन्हा ठेवावी. दोन्ही वेळा बुडबुडा काचेवरील खुणांच्या संदर्भात एकाच बाजूस गेला, म्हणजे पहिल्या वेळी तुमच्या डाव्या हातास व दुसऱ्या वेळीही डाव्या हातास, तर जागा कललेली आहे व पाणसळ बरोबर आहे. एकदा डाव्या व एकदा उजव्या हातास गेला तर पाणसळ खोटी आहे. एक फूट लांबीच्या पाणसळीने चार फुटांची पातळी ठरवू नये. ती एका सरळ पट्टीवर किंवा ॲल्युमिनियमच्या पाइपावर ठेवून वापरावी.

नळी अधिक विश्वासार्ह असते, कारण ती खोटे बोलू शकत नाही. मात्र तिच्यात हवेचा बुडबुडा अडकलेला नसावा, ती कोठे दुमडलेली नसावी आणि वाचन करताना दोन्ही टोके उघडी असावीत. पाण्यात थोडी नीळ घातल्यास रेघ स्पष्ट दिसते. नळीतील पाणी कडेला थोडे चढलेले असते. दोन्ही टोकांस मधल्या खोलगट भागावरूनच माप घ्यावे.

प्रथम घोडीचे चार पाय जेथे येणार तेथे खडूने खुणा कराव्यात. नळीचे एक टोक भिंतीशी बांधून स्थिर करावे व त्यातील पाण्याच्या रेघेशी भिंतीवर खूण करावी; दुसरे टोक एकेका पायाच्या खुणेवर उभे धरून, पहिल्या टोकातील रेघ भिंतीवरील खुणेशी जुळेल इतके ते वरखाली करावे आणि मग पाण्याची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे. चारही मापे संपेपर्यंत नळीतून पाणी सांडू देऊ नये; सांडल्यास सर्व मापे नव्याने घ्यावीत. समजा, मागील डाव्या खुणेवर 900, मागील उजव्या खुणेवर 904, पुढील उजव्या खुणेवर 912 व पुढील डाव्या खुणेवर 906 मि.मी. अशी मापे आली. जेथे माप मोठे तेथे जमीन खोल. सर्वांत उंच जागा मागील डावी. ती तशीच ठेवावी व उरलेल्या पायांखाली अनुक्रमे 4, 12 व 6 मि.मी. जाडीचा आधार द्यावा. आता समोरासमोरच्या मापांच्या बेरजा कराव्यात : 900 व 912 मिळून 1812, 904 व 906 मिळून 1810. बेरजा समान असत्या तर जमिनीत केवळ ढाळ आहे, पीळ नाही असे ठरले असते. येथे 2 मि.मी.चा फरक आहे, तेवढा पीळ. बेरजांची ही कसोटी लहान मुलासही करता येण्याजोगी आहे आणि एकट्या पाणसळीने जे कळत नाही ते तिने कळते.

आधारासाठी लोखंडी पत्र्याचे चौकोनी तुकडे उत्तम. ते पायाच्या तळाहून मोठे, हातभर नव्हे पण तळहाताएवढे असावेत, म्हणजे भार पसरतो. पुठ्ठा, घडी घातलेला कागद, सायकलच्या ट्यूबचे रबर किंवा ओल्या लाकडाची पाचर वापरू नये. पुठ्ठा पाणी पडताच लगदा होतो, रबर महिन्याभरात दबते आणि लाकडी पाचर ओल धरून फुगते. आधार नेहमी घोडीच्या पायाखाली द्यावा, काचेखाली कधीही देऊ नये. टाकीचा एक कोपरा उचलून त्याखाली नाणे सरकविण्याची जी रीत पडली आहे ती अत्यंत घातक होय. तिच्यामुळे सगळा भार काचेच्या एका बिंदूवर येतो.

जमीन बरोबर झाली तरी घोडी बरोबर असेलच असे नाही. गावातील वर्कशॉपमध्ये अँगल जोडून घोडी तयार करून घेतात. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते आणि चौकटीस नकळत पीळ पडतो. यासाठी सुतारांची दोऱ्याची कसोटी घ्यावी. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोरे ताणून बांधावेत. ते मध्यभागी एकमेकांस अलगद टेकले पाहिजेत. त्यांच्यात फट राहिली तर वरच्या दोऱ्याचे कोपरे चढलेले आहेत. खालचा दोरा वरच्यास दाबून धरीत असेल तर ते सहज लक्षात येत नाही. म्हणून दोऱ्यांची खालीवर अदलाबदल करून पुन्हा पाहावे. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, दोष एकाच कोपऱ्यात असेल तर मध्यभागी त्याची निम्मीच फट दिसते. मध्ये 2 मि.मी. फट म्हणजे कोपऱ्यात 4 मि.मी.चा दोष. व्यवहारात चार फुटी टाकीस लांबीच्या दिशेने 3 मि.मी.पर्यंतचा ढाळ चालवून घेण्यास हरकत नाही. दोऱ्यांतील फट मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये.

चौकटीवर 18 मि.मी. जाडीची जलरोधक प्लायवुडची फळी व तिच्यावर थर्मोकोलचा एक पातळ थर द्यावा. या थराने वाळूचा कण, खिळ्याचे डोके, फळीचा बारीकसा उंचवटा असे लहान दोष गिळले जातात. थर्मोकोल घातला म्हणजे पातळी काढण्याची गरज नाही, असा जो समज आहे तो चुकीचा आहे; 4 मि.मी.चा पीळ तो गिळू शकत नाही. ज्या टाकीस खालून प्लॅस्टिकची चौकट बसविलेली असते आणि तळाची काच अधांतरी असते तिच्याखाली थर्मोकोल घालू नये, कारण मग तो तळाच्या काचेला खालून वर रेटतो.

यानंतरची परीक्षा शेतकऱ्याच्या घरी सहज होण्यासारखी आहे. टाकी ठेवण्यापूर्वी घोडीवर खताची पोती रचावीत. 50 किलोची सहा पोती पुरतात. युरिया असेल तर 2018 पासून त्याचे पोते 45 किलोचे झाल्यामुळे सात लागतील. रात्रभर भार राहू द्यावा आणि सकाळी पोती तशीच असताना चारही कोपऱ्यांची मापे नळीने पुन्हा घ्यावीत. एखादा पाय खचला असेल तर तो पोत्यांखाली खचलेला बरा, काचेखाली नव्हे.

पाणी भरताना व नंतर

टाकी जागेवर ठेवून प्रथम चतुर्थांशच भरावी. आता टाकीतील पाणी हीच मोठी पाणसळ झालेली असते. पाण्याच्या रेघेपासून काचेच्या वरच्या काठापर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजून लिहून ठेवावे. अर्धी भरल्यावर पुन्हा व पूर्ण भरल्यावर पुन्हा मोजावे. प्रत्येक वेळी आकडे निराळे येतील. पाहावयाचे ते चारांतील परस्परांचे अंतर. ते अंतर वाढत चालले असेल तर कोणता तरी पाय भाराखाली बसत आहे असे समजून पाणी भरणे थांबवावे. समोरासमोरच्या बेरजा येथेही करता येतात, परंतु काच ताठ असल्याने भरलेल्या टाकीच्या काठावर पीळ फारसा उमटत नाही. शिवाय काठाच्या काचा कापतानाच एखादा मिलिमीटर कमीजास्त झालेल्या असतात. म्हणून पिळाची खरी परीक्षा घोडीवरच उरकून घ्यावयाची, टाकी भरल्यावर त्याचा शोध घेत बसावयाचे नाही.

पूर्ण भरल्यानंतर एक दिवस वाट पाहून मगच वाळूखडा, वनस्पती व मासे सोडण्याचा विचार करावा. त्या दिवसात दुरुस्तीची गरज दिसली तर टाकी रिकामी करावी. भरलेल्या टाकीच्या घोडीखाली पहार घालून ती उचलण्याचा मोह होतो, आणि चार माणसे हाताशी असली म्हणजे तो अधिकच होतो. एका पायाखाली पहार घातली की त्या क्षणी सबंध टाकीस जाणूनबुजून पीळ दिला जातो. जो दोष दूर करावयाचा तोच दसपटीने निर्माण होतो. दोनशे लिटर पाणी उपसण्यास अर्धा तास लागतो. मासे बादलीत काढून ठेवता येतात.

काळ्या मातीवरील घरात, किंवा परसातील पडवीत टाक्यांची रांग मांडावयाची असल्यास, मूळ जागाच निराळ्या रीतीने तयार करावी. दोन फूट काळी माती काढून तेथे मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी, पाणी मारून व चोपून भरावा आणि त्यावर सळई घातलेल्या काँक्रीटची एकसंध लादी घालावी. ती घोडीच्या चारही पायांच्या बाहेर निदान फूटभर जावी. काळी माती खोलवर असते, त्यामुळे या उपायाने तिची हालचाल संपूर्ण थांबत नाही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु चारही पाय एकाच ताठ लादीवर असल्यामुळे जमीन हलली तरी ते सर्व मिळून हलतात. लादी कलेल, तिला पीळ पडणार नाही. पिळाचे रूपांतर ढाळात करणे, हाच या खर्चाचा उद्देश आहे. आणि ढाळ पत्र्याच्या तुकड्यांनी केव्हाही काढता येतो. वळचणीचे व मोरीचे पाणी लादीपासून दूर काढून द्यावे. परसातील केळीचे आळे टाकीच्या भिंतीला चिकटून नसावे, हे सांगितले तर घरातील बायका प्रथम नाराज होतात. पण आळे चार हात सरकविणे टाकी सरकविण्याहून सोपे आहे.

पाटण व कराड भागात आणखी एका गोष्टीचा विचार करणे इष्ट होय. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगरास 6 हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यानंतरही त्या परिसरास अधूनमधून लहान धक्के बसत आले आहेत. उंच घोडी भिंतीस लोखंडी पट्टीने बांधून घ्यावी. पट्टी घोडीस बांधावी, काचेस नव्हे. टाकी व भिंत यांत दोन इंच अंतर राहू द्यावे आणि पाणी काठोकाठ भरू नये, म्हणजे धक्क्याने उसळलेले पाणी विजेच्या बटणापर्यंत जात नाही. बटणाकडे जाणारी तार आधी खाली झोळासारखी लोंबती ठेवून मग वर न्यावी. तारेवरून ओघळणारा थेंब झोळातून जमिनीवर पडतो, बटणात शिरत नाही. जाणवण्याजोगा धक्का बसून गेल्यावर चार कोपऱ्यांची मापे एकदा घ्यावीत.

एरवी वर्षातून तीन वेळा मोजणे पुरेसे आहे, आणि त्या वेळा जमिनीच्या ओलीवरून ठरवाव्यात : होळीनंतर महिन्याभराने, जेव्हा भेगा रुंदावलेल्या असतात, मृग लागून पहिले दमदार पाऊस पडून गेल्यावर, आणि हस्ताचा पाऊस संपून जमीन पोटभर प्याली असेल तेव्हा. टाकी प्रथम भरली त्या दिवशीची चार मापे घोडीच्या मागील बाजूस तेलरंगाने तारखेसह लिहून ठेवावीत व नंतरची त्याखाली मांडीत जावीत. दोन पावसाळे असे लिहिले गेले म्हणजे त्या घराचा कोणता कोपरा केव्हा चढतो व केव्हा बसतो हे कळून येते. त्या कोपऱ्याकडील पायाखालचे पत्रे किती जाडीचे आहेत तेही तेथेच लिहावे, कारण टाकी धुण्यासाठी हलविल्यावर ते पत्रे एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा बसविताना कोणता कोणाचा हे घरात कोणासच आठवत नाही.